सशांचे सर

जीवशास्त्राचे सर निवृत्त झाले की काही हरिपाठाला लागतात, काही सशांना. धाराशिवचे हे सर सशांना लागले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ससे, आणि त्यांची वंशावळ एका जाड वहीत. स्वतःच्या पणजोबांचं नाव सरांना आठवत नाही. पांढऱ्या मादीची पणजी मात्र तोंडपाठ.

आठवडी बाजारात लोक शेळीचे दात बघतात, सर डोळे बघतात. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळीच. कळपात एखादी पांढरी दिसली की सर गर्दीतून घुसलेच म्हणून समजा. डोळा गडद निघाला की हिरमुसतात. "ही वर्णकहीन नाही. खऱ्या वर्णकहीन प्राण्याच्या डोळ्यातही रंग नसतो. आतलं रक्त दिसतं, म्हणून ससा लाल डोळ्यांचा."

विकणारा ऐकून घेतो आणि विचारतो, "सर, न्यायची हाय का नुसतं डोळ्यात बघायचंय?"

घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी धडा मिळतो. रंग देणारं मेलॅनिन तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं विकर लागतं. त्याच्या जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. दोन्ही बिघडलेल्या आल्या तर पिल्लू पांढरं. एकच बिघडलेली असेल तर ससा दिसायला तपकिरी, पण बिघाड पुढं नेणारा. असे दोन तपकिरी जोडीला लावले की प्रत्येक पिल्लू पांढरं निघण्याची शक्यता चारात एक. फ्रान्समध्ये क्युएनोनं १९०२ साली उंदरांवर हेच दाखवलं. ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेननं १९१५ मध्ये पांढऱ्या उंदरांवर निबंध लिहिला, त्यात सख्ख्या बहिणीचंही नाव घातलं, आणि पुढं तो भारताचा नागरिक झाला. "धाराशिवला आला असता तर मुक्कामाला आपल्याकडंच होता," असं सर खात्रीनं सांगतात. तोवर पाहुण्याची एसटी गेलेली असते.

एकदा अशाच जोडीला आठ पिल्लं झाली. सरांनी गल्लीला दोन पांढऱ्यांचा शब्द दिलेला. आठही तपकिरी! "दहा वेतांत एखाद्या वेळी असं होतंच," सर न डगमगता म्हणाले, आणि गणित खरं होतं. पुढच्या वेतात आठांत नेमकी दोन पांढरी आली. अशी नेमकी दोन येण्याची शक्यताही जेमतेम तिनात एक, हे मात्र त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. पेढे वाटले.

पण सर उपयोगाचे आहेत. ओळखीच्या घरात वर्णकहीन मूल जन्मलं, कुणी ग्रहणाला आणि सासू सुनेला बोल लावायला लागली, की सर वही काखेत मारून हजर. "ग्रहणाचा काही संबंध नाही. माणसातही बहुतेक प्रकारांत हे दोघांकडून यावं लागतं. म्हणजे मावशी, तुमच्या लेकाकडूनही. आता बाळाला उन्हापासून जपा आणि डोळे दाखवून घ्या." मावशी गप्प होतात. बाळंतिणीच्या जिवात जीव येतो.

मागे सरांच्या नातवाला गणितात पस्तीसही पडले नाहीत. प्रगतिपुस्तक हातात घेऊन सर गरजले, "आमच्या घराण्यात असं कधी नव्हतं. हे सगळं आजोळकडून आलंय."

मेथी निवडता निवडता बाईंनी मान वर केली. "अहो, सशांना दोन्हीकडून लागतं ना?"

सरांनी शेडची वाट धरली.

गणितातल्या गुणांना असं एकच सरळसोट जनुक नाही. पांढऱ्या सशाला आहे, आणि तिथं हिशेब चोख: एक प्रत आईची, एक बापाची, ना कमी ना जास्त. सरांनी हे सगळ्या गल्लीला पटवलंय. स्वतःच्या घरातला तास तेवढा अजून व्हायचाय.