रीतसर गृहस्थ

महाराष्ट्रातील लहान नगरपरिषदांच्या गावांत, म्हणजे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील वर्गवारीप्रमाणे ज्यांची लोकसंख्या चाळीस हजारांच्या वर जात नाही अशा ‘क’ वर्गाच्या गावांत, राहत्या घरात सुधारणा करू इच्छिणाऱ्यांचे दोन पंथ दिसून येतात. पहिला पंथ बहुसंख्यांचा असून ‘आधी बांधू, मग बघू’ हे त्याचे एकमेव सूत्र होय. या पंथाचा अनुयायी सेंट्रिंग आधीच लावून ठेवतो, शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की स्लॅब ओततो, आणि कार्यालय उघडेपर्यंत त्याच्या गच्चीवर स्लॅबला पाणी मारणे सुरूही झालेले असते. दुसरा पंथ इतका विरळ आहे की एका आळीत त्याचा एकच प्रतिनिधी सापडतो, आणि त्याच्या घरासमोर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या खडीच्या ढिगावर वाढलेल्या गवतावरून तो ओळखता येतो. खिडकी पाडण्यापूर्वीही शासनाची संमती घेणाऱ्या या नमुन्याला रीतसर गृहस्थ म्हणावे.

रीतसर गृहस्थ बहुधा सेवानिवृत्त असतो आणि निवृत्त झालेला असतो तोही पाटबंधारे खात्यातून, जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेतून किंवा असल्याच एखाद्या कागदबहुल ठिकाणाहून. तीस-पस्तीस वर्षे त्याने इतरांच्या अर्जांवर ‘त्रुटींची पूर्तता करून पुनश्च सादर करावे’ असा शेरा मारलेला असतो, तरीही तो शेरा आपल्या अर्जावर उमटू शकेल ही शंका त्याला कधी शिवलेली नसते. कागद पुरे असले की काम अडत नाही, अशी त्याची श्रद्धा असते. अशी श्रद्धा टेबलाच्या आतल्या बाजूला आयुष्य काढलेल्या माणसाच्याच मनात रुजू शकते. पोच, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का आणि आवक क्रमांक असलेली दुय्यम प्रत, घेतल्याशिवाय तो खिडकीपासून हलत नाही. लाच तो देत नाही, पण त्यामागे नीतीपेक्षा हिशेबाची शिस्त अधिक असते, कारण पावती मिळणार असेल तर तो दुप्पट रक्कम आनंदाने भरेल. पावतीविना गेलेला पैसा खतावणीत कोणत्या सदराखाली दाखवावा, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

या गृहस्थाची पहिली झटापट बांधकामाशी होत नाही, सवलतीशी होते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याच्या कलम ४३ खाली बांधकामाला परवानगी लागते खरी, परंतु इमारतीच्या केवळ अंतर्भागापुरती असलेली किंवा तिच्या बाह्य स्वरूपात विशेष फरक न पाडणारी दुरुस्तीची कामे त्याच कलमाने वगळली आहेत, त्यामुळे न्हाणीघरातल्या फरश्या बदलायला, भिंतींना गिलावा करायला किंवा रंग द्यायला कोणाकडे जावे लागत नाही. दुसऱ्या कोणाला हे कळले असते तर त्याने मिस्त्रीला निरोप धाडला असता. रीतसर गृहस्थ मात्र कायद्याने दिलेल्या मोकळिकीवर तिचा लेखी पुरावा हाती आल्याखेरीज विश्वास ठेवत नाही आणि ‘प्रस्तुत कामास परवानगीची आवश्यकता नाही असे लेखी कळवावे’ असा अर्ज तो मुख्याधिकाऱ्यांच्या, म्हणजे नगरपरिषदेच्या प्रशासकीय प्रमुखाच्या, नावे देतो. येथे कार्यालयाची मोठी पंचाईत होते. परवानगी देण्याचा नमुना कार्यालयात असतो, नाकारण्याचाही असतो. परंतु परवानगी लागतच नाही असे कळवण्याचा नमुना नसतो, आणि नमुना नसलेले पत्र लिहिणे म्हणजे जबाबदारी अंगावर घेणे होय. म्हणून तो अर्ज बांधकाम विभागातून कर विभागात आणि कर विभागातून नगररचनेच्या टेबलावर हिंडतो, आणि ‘नियमानुसार आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी’ अशा उत्तरासह घरी येतो. या उत्तराचा अर्थ विचारण्यासाठी गृहस्थ दुसरा अर्ज लिहायला घेतो, तोवर मिस्त्रीने शेजारच्या गावात काम धरलेले असते.

फरश्यांचे हे प्रकरण म्हणजे निव्वळ तालीम. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाचे लग्न ठरते, सुट्टीत येणाऱ्या जोडप्यासाठी माडीवर एक खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम असावे असे घरात ठरते, आणि वाढीव मजल्याला परवानगी लागते याविषयी कोणाच्याच मनात शंका नसल्यामुळे गृहस्थाच्या अंगात नवे बळ संचारते. घरातील मंडळींना हे बळ परिचयाचे असते. ‘अहो, बांधायचा संडास आहे, धरण नाही,’ असे त्याच्या पत्नीने ऐकवलेले असते. परंतु पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या माणसाला या दोन कामांतला फरक केवळ अंदाजपत्रकाच्या रकमेचा वाटतो.

परवानगीच्या अर्जाला जोडायच्या कागदांत मालकीचा पुरावा पहिला. शेतजमिनीला जसा सातबारा तसे नगर भूमापन झालेल्या वस्तीतल्या जागेला मालमत्ता पत्रक असते, आणि जुन्या गावठाणातल्या घराचे मालमत्ता पत्रक काढून पाहणे हा धीर लागणारा उद्योग आहे, कारण त्यावर बहुधा गृहस्थाच्या वडिलांचे आणि दोन चुलत्यांचे नाव असते आणि तिघांपैकी कोणीही हयात नसते. वाटणी झालेली असते, पण तोंडी. सर्वांना ठाऊक असते, पण लिहिलेली कोठेच नसते. मग वारस नोंदी आल्या, आणि सहहिस्सेदारांची, म्हणजे त्या जागेत ज्यांचा कायद्याने वाटा निघतो अशांची, संमतीपत्रे आली. आजोबांच्या तांब्याच्या बंबावरून बोलणे टाकलेला चुलतभाऊ या निमित्ताने पुन्हा दारात उभा राहतो. इंदूरला दिलेली आत्या, जिने आजवर माहेराकडून साडीचोळीपलीकडे काही मागितले नाही, ती सही करण्यापूर्वी नातवाकडून कागद वाचून घेते आणि ‘माझा वाटा किती रे धरलाय?’ असे सहज विचारते. माडीवरच्या बाथरूममुळे तीस वर्षे निजलेला दिवाणी दावा असा जागा होतो. बांधकाम परवानगीच्या या कौटुंबिक परिणामाकडे नगररचनाशास्त्राने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

नकाशाचे काम परवानाधारक अभियंत्याकडे असते. पाडायचे बांधकाम पिवळ्या रेषांनी आणि नवे बांधकाम लाल रंगाने दाखवावे लागते, आणि हे दोन्ही रंग घरापेक्षा नकाशातच अधिक शोभून दिसतात. २ डिसेंबर २०२० रोजी शासनाने मुंबई व इतर काही क्षेत्रे वगळून राज्यभरासाठी एकच नियमावली मंजूर केली, जिला एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली असे तिच्या विस्ताराला साजेसेच नाव आहे, आणि तिच्यात दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडधारकांसाठी परवानगीची वाट बरीच सोपी करून ठेवली आहे. रीतसर गृहस्थाचा भूखंड दीड गुंठ्याचा असतो. गुंठा म्हणजे तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, अर्थात १,०८९ चौरस फूट. त्याची दीडपट चौरस मीटरमध्ये मांडली की १५१.७६ भरते. जेमतेम एका गादीच्या जागेने सवलत हुकते, आणि अभियंता ‘दीडशे लिहून टाकू का?’ असे विचारतो तेव्हा गृहस्थ त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतो ती त्या अभियंत्याने या व्यवसायात पूर्वी पाहिलेली नसते. याशिवाय सामासिक अंतराचा, म्हणजे इमारत आणि भूखंडाची हद्द यांच्यात मोकळ्या सोडायच्या जागेचा, प्रश्न असतो. गावठाणातल्या आजोबांनी शेजाऱ्याच्या भिंतीवरच आपली तुळई ठेवलेली असते. त्या काळी ही शेजारधर्माची खूण होती आणि आज ती नकाशातली त्रुटी आहे.

अर्ज आता ऑनलाइन करायचा असतो आणि ऑनलाइन केलेल्या अर्जाचे छापील संच कार्यालयात नेऊन द्यायचे असतात. १९६६ च्याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाईल, अशी तरतूद आहे. तिला मानीव परवानगी म्हणतात. रीतसर गृहस्थ भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक फुली मारत साठ दिवस मोजतो. फुल्या पन्नाशी ओलांडतात तेव्हा कार्यालयालाही आपसूक जाग येते आणि ‘जिन्याच्या पायरीची रुंदी नकाशात नमूद नाही’ अशा आशयाचे त्रुटीपत्र निघते. कायद्याप्रमाणे साठ दिवस अर्ज मिळाल्यापासून किंवा विचारलेल्या माहितीचे उत्तर मिळाल्यापासून, यांपैकी जे नंतरचे असेल तेव्हापासून मोजायचे असल्यामुळे, उत्तर पोचले की फुल्यांचा खेळ पहिल्यापासून मांडावा लागतो. एखाद्या गृहस्थाचे साठ दिवस खरोखरच पुरे होतात. पण मानीव परवानगीही बांधकाम सर्व नियमांना तंतोतंत धरून असेल तरच लागू होते, आणि ते तसे आहे हे लेखी कोण देणार? ज्याने फरश्यांसाठी पत्र मागितले, तो न दिलेल्या परवानगीच्या आधारावर स्लॅब टाकील हे संभवत नाही.

स्थळपाहणीला येणारा अभियंता सज्जन असतो. गावातल्या साऱ्या इमारती, पाणीपुरवठ्याची गळती आणि निवडणुकीचे काम अशी तीन माणसांची कामे त्याच्या एकट्याच्या माथी मारलेली असतात, आणि हे गृहस्थाला आतून ठाऊक असल्यामुळे तो त्याच्यावर कधी चिडत नाही. अभियंता चहा घेतो, टेप धरतो, आणि माडीकडे पाहता पाहता त्याची नजर परसातल्या जुन्या मोरीवर जाते, जी हद्दीला टेकून उभी असते आणि जिची मंजुरी कोणाच्याच स्मरणात नसते. मूळ घराचा मंजूर नकाशा सादर करावा, असे पत्र येते. तो नकाशा नगरपालिकेनेच मंजूर केलेला असल्यामुळे गृहस्थ माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून त्याची प्रत मागतो, आणि ‘सदर अभिलेख आढळून येत नाही’ असे उत्तर त्याला त्याच इमारतीतून मिळते. ज्या कागदासाठी अर्ज अडला आहे तो कागद अडवणाऱ्याकडेच नाही, हे सिद्ध करणारा कागद आता गृहस्थापाशी असतो, आणि तो अर्जाला जोडता येईल का हे विचारायला तो दुसऱ्या दिवशी जातो. लहान नगरपरिषदेचा हा स्वभावच म्हणायला हवा: तिला अर्ज न करणाऱ्यांची चार मजली घरे दिसत नाहीत आणि अर्ज करणाऱ्याची मोरी दिसते, कारण तिचे डोळे तिच्या आवक नोंदवहीत असतात.

याच काळात शेजारच्या पहिल्या पंथाच्या कुटुंबाने दुसरा मजला चढवून गृहप्रवेशाचे जेवणही घातलेले असते. अनधिकृत बांधकामाला घरपट्टीशिवाय तिच्या दुपटीइतकी शास्ती, म्हणजे दंडाची आकारणी, लागू होऊ शकते आणि ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. पण शेजारी हे ऐकून हसतो, कारण त्याचा भरवसा शासनाच्या क्षमाशीलतेवर असतो, आणि इतिहास पाहता तो भरवसा अनाठायी म्हणता येत नाही. तुकडे पाडून विकलेल्या जमिनींवरच्या घरांसाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला आणि त्याने १ जानेवारी २००१ ही तारीख धरली. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. मधल्या काळात ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या काही अनधिकृत बांधकामांना शुल्क घेऊन प्रशमित, म्हणजे दंडानंतर मान्य, ठरवण्याची तरतूदही झाली. पुढची तारीख येईलच, अशा खात्रीने शेजारी तिसऱ्या मजल्याच्या सळया उघड्या ठेवतो. रीतसर गृहस्थाला कोणतीच माफी लागू होत नाही, कारण त्याने काही बांधलेलेच नसते.

तरी परवानगी मिळते. ती एक वर्षाची असते, पुढे वर्षावर्षाने वाढवून घ्यावी लागते आणि वाढही तीन वर्षांपलीकडे देता येत नाही, त्यामुळे ज्या निष्ठेने ती मिळवली त्याच निष्ठेने तिचे नूतनीकरण सुरू होते. तोवर मुलाला मूल झालेले असते आणि तो सुट्टीत सासुरवाडीला उतरू लागलेला असतो. तथापि खोली उठते, नकाशातल्या इंचाशी इंच जुळवून उठते. मिस्त्रीने वीट सरकवली तर गृहस्थ ती उतरवून घेतो. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्यास योग्य असल्याचा दाखला, त्याच्या हाती पडतो. त्याची चौकट करून भिंतीवर लावण्याचा विचार त्याने केलेला असतो, पण मूळ कागदाला चौकटीत वाळवी लागेल या भीतीने तो छायांकित प्रत लावतो.

गावात त्याची टिंगल चालते ती मात्र फार काळ टिकत नाही, कारण कधी तरी शेजाऱ्याला घर विकायचे असते किंवा त्यावर कर्ज काढायचे असते आणि बँक मंजूर नकाशा मागते. शेजारी नियमित करण्याच्या खटपटीला लागतो. सामाईक भिंत असलेल्या घरांत बाजूच्या मालकाची ना-हरकत मागण्याचा प्रघात लहान गावांत असतो, म्हणून एका संध्याकाळी तो पेढ्यांचा पुडा घेऊन रीतसर गृहस्थाकडे येतो आणि ‘काका, एक सही हवी होती’ असे म्हणतो. काका त्याला बसवतात, पाणी देतात, चष्मा लावतात आणि विनंती लेखी स्वरूपात, दोन प्रतींत, हद्दीच्या नकाशासह सादर करायला सांगतात; पोच लगेच मिळेल, असेही ते आपणहून सांगतात.