मालगाडी जाते, कापूस राहतो

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या फलाटावर तासभर उभे राहा आणि फक्त मालगाड्या बघा. कोळशाची जाते, अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी, जवळपास चार हजार टन. नागपूरहून न्हावा शेवाला निघालेले कंटेनर जातात. सिमेंट जाते. विजेची मागणी वाढली की कोळशाच्या गाड्या वाढतात, निर्यात मंदावली की कंटेनर कमी होतात, बांधकामे थंडावली की सिमेंट थंडावते. देशाची नाडी बघायला दिल्लीला जायला नको. ती आपल्या गावातून धडधडत जाते.

या गाड्यांत क्वचितच दिसतो तो आपला कापूस.

हे रूळ मुळात आले कापसासाठी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इंग्रजांची नजर वऱ्हाड-वर्ध्याकडे वळली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे नागपूरला पोचली. १९१७ मध्ये पुलगाव-आर्वी छोटी लाईन आली, आर्वीच्या बाजारातला कापूस मोठ्या लाईनवर आणायला. पुलगावात कापड गिरणी उभी राहिली. शेत, जिनिंग, गिरणी, स्टेशन, सगळे हाकेच्या अंतरावर होते. आज गिरणी बंद आहे, छोटी लाईन बंद आहे. कापूस मात्र पिकतोच आहे.

हंगामात कुठल्याही जिनिंगवर जा. साधारण पाच क्विंटल कापसातून १७० किलोची एक गाठ निघते, बाकी बहुतेक सरकी. शंभर गाठी म्हणजे सतरा टन, एक ट्रक भरला. हमाल गाठी चढवतात, ताडपत्री ओढतात, दोर आवळतात आणि गाडी तामिळनाडूच्या सूतगिरण्यांची वाट धरते. भाडे कोण भरतो? कागदावर व्यापारी. पण व्यापारी हिशेब उलटा करतो. गिरणीचा भाव धरायचा, त्यातून गाडीभाडे वजा, जिनिंग वजा, हमाली वजा, घट वजा. उरेल तो आपल्या कापसाचा भाव. डिझेल वाढले की त्याचा चटका शेवटी शेतकऱ्याच्या विक्रीच्या पट्टीवर बसतो.

२०२५ मध्ये यात दुसरा गडी उतरला, परदेशी कापूस. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती सूट पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली, म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात. त्या काळात परदेशी गाठ समुद्रातून स्वस्तात दक्षिणेच्या बंदरावर उतरली. आपली गाठ ट्रकमधून अर्धा देश ओलांडते. ही बरोबरीची कुस्ती नव्हती.

समृद्धी महामार्ग झाला, जवळच्या विरूळला त्यावर चढता येते, चांगलेच झाले. पण एक टन माल एक किलोमीटर न्यायला रस्त्याने जो खर्च येतो, तो रेल्वेच्या जवळपास दुप्पट असतो. तरीही १९५१ मध्ये देशाच्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त होता, तो आज ३० टक्क्यांच्या आत आला आहे. याची कारणे लपलेली नाहीत. तिकिटे स्वस्त ठेवायची म्हणून मालाचे भाडे चढवले. प्रवासी गाडी आली की मालगाडी बाजूला उभी केली. आणि १९८० नंतर रेल्वेने पूर्ण रेकवर, म्हणजे अख्खी मालगाडी भरेल एवढ्या मालावर, भर दिला, थोड्या मालाला दार बंद होत गेले. कोळसा खाणीतून रेकने निघतो. कापूस मात्र शेतकऱ्याच्या घरातून पाच-दहा क्विंटलने निघतो. रेल्वेने कोळशाची सोय पाहिली आणि कापूस रस्त्यावर आला.

ही चूक दुरुस्त करायची वेळ हीच आहे. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धा-भुसावळ तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाला मंजुरी दिली, ३१४ किलोमीटर. हे रूळ पुलगावातूनच जाणार. नवे दोन मार्ग टाकून फक्त कोळसा आणि कंटेनर जोरात पळणार असतील, तर आपल्या वाट्याला धूळ आणि आवाज येईल.

म्हणून आराखडा कागदावर आहे तोवर बोलायला हवे. पुलगावला कापसाच्या गाठींसाठी छप्पर असलेला मालधक्का हवा. चार जिनिंगच्या गाठी एकत्र करून कंटेनर भरता यावा आणि पाच-दहा वाघिणींचा मालही घेतला जावा. हंगामात ठरलेल्या दिवशी सुटणारी गाडी हवी. बाजार समितीने ठराव करावा, जिनिंगवाल्यांनी एकत्र येऊन मालाचा आकडा लेखी द्यावा, खासदार-आमदारांनी तो रेल्वेच्या टेबलावर ठेवून उत्तर मिळेपर्यंत उठू नये. रूळ एकदा पडले की मालधक्क्यासाठी पुढची तीस वर्षे निवेदने देत बसावे लागेल.

ज्या कापसासाठी रेल्वे इथे आली, त्या कापसाला तिच्यात जागा मिळालीच पाहिजे.