क्रॉईसंट म्हणालात? शांतं पापम्!

ऐकलंत का? कोथरूडातल्या एका सुखवस्तू घरच्या सुनेनं परवा बेकरीत, चारचौघांत, खणखणीत आवाजात 'दोन क्रॉईसंट द्या' म्हटलं म्हणे! रांगेतल्या एका पोरीनं नाक मुरडलं, मैत्रिणीला कोपरानं ढोसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजली, "क्वासाँ असतं गं ते!" काउंटरवरच्या पोरानं निमूटपणे दोन नग पिशवीत भरले. तो दिवसभर नाना उच्चार ऐकतो आणि सगळ्या उच्चारांना बिल एकच लावतो.

सध्या ही साथच आली आहे. 'रेनॉल्ट' म्हणालात की गाडीची किंमत उतरते, 'रेनो' म्हणालात की तुमची चढते. 'बुके'ला 'बुकेट' म्हणणाऱ्याकडे तर लोक असं बघतात, जणू त्यानं श्रीखंडात लसूण घातला! उद्या स्थळं बघताना छत्तीस गुणांच्या जोडीला उच्चारही जुळवतील, बघालच.

गंमत अशी, की 'क्वासाँ'वाल्या पोरीनं त्यातला 'र' सबंध गिळला. फ्रेंच माणूस तो गिळत नाही, घशात घासतो. क्रवासाँ. म्हणजे चूक काढणारीच चुकली. पण ठसक्यात चुकली, म्हणून चालतं!

उलट आमच्या एसटीचा कंडक्टर बघा. 'डेपोत जमा करा' म्हणताना तो त्या शब्दातला शेवटचा 'ट' असा सफाईनं टाकतो, की पॅरिसकरानं मान डोलवावी. त्याचं कुणी कौतुक केलंय कधी? 'बुफे'च्या रांगेत ताट घेऊन उभी असलेली अख्खी पंगत नकळत फ्रेंच बोलत असते. तिथे वाद होतो तो जिलब्या संपल्या म्हणून.

आणि ते नाकातले स्वर! त्यासाठी लोक शिकवण्या लावतात म्हणे. अहो, रत्नागिरीकडची चित्पावनी बोलणारी एखादी आजी गाठा, नाहीतर गोव्यातली एखादी मावशी, जी जन्मभर 'हांव' म्हणत आली. क्रवासाँमधला 'साँ' त्या फुकटात शिकवतील, वर सोलकढीही पाजतील. पुण्यामुंबईच्या प्रमाण बोलीतून ही अनुनासिकं कधीच गळाली. मराठी साहित्य महामंडळानं 1962 च्या लेखननियमांत तर 'कांहीं', 'नांव' यांच्या डोक्यावरचे मुके अनुस्वारही उतरवले. फ्रेंच मंडळी मात्र मुकी अक्षरं पिढ्यान्‌पिढ्या पोसत बसलीत, आणि त्यांचा जाच आम्हाला!

इंग्रजांच्या घरी तरी एकमत असेल? नाव नको! इंग्लंडात 'फिलेट', अमेरिकेत 'फिले'. तेच फ्रेंच वळणाचे अमेरिकन 'हर्ब'मधला 'ह' टाकून 'अर्ब' म्हणतात, तेव्हा इंग्रज कपाळाला हात लावतो. आणि केंटकीत व्हर्साय नावाचं गाव आहे, त्याला तिथले लोक बिनदिक्कत 'व्हर्सेल्स' म्हणतात. चौदाव्या लुईचा राजवाडा काही त्यामुळे कोसळला नाही.

पण खरी चटकदार बातमी खुद्द फ्रान्समधली. तिकडेही आपापसांत हेच! पावाला पॅरिसमध्ये 'पँ' म्हणतात, तर तूलूजकडे ते 'पेंग'सारखं ऐकू येतं. (डोळ्यांवर येते ती नव्हे.) ऑक्टोबर 2018 मध्ये झां-ल्युक मेलांशाँ या बड्या पुढाऱ्यानं प्रश्न विचारणाऱ्या एका पत्रकार बाईंच्या दक्षिणी हेलाची भर कॅमेऱ्यासमोर नक्कल केली, वर विचारलं, कुणी फ्रेंचमध्ये प्रश्न विचारेल का? बाई फ्रेंचच बोलत होत्या हो! आणि हे महाशय निवडून आलेले कुठून? मार्सेहून, म्हणजे थेट दक्षिणेतून!

गदारोळ झाला. पुढे 26 नोव्हेंबर 2020 रोजी फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीनं हेलावरून भेदभाव करण्याला गुन्हा ठरवणारं विधेयक 98 विरुद्ध 3 मतांनी मंजूर केलं. बोलण्याच्या ढबीवरून कुणाला नोकरी नाकारली, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि 45,000 युरोंपर्यंत दंड, असं त्यात म्हटलं होतं.

असं काही आपल्याकडे आणलं, आणि त्यात नुसत्या नाक मुरडण्याचं कलमही घातलं, तर? पुण्यातल्या निम्म्या पेठा आत जातील. उरलेल्या निम्म्या साक्षीला येतील, आणि आरोपपत्रातलं शुद्धलेखन तपासून परत पाठवतील.