निरोपे सर

खरं आडनाव वेगळं आहे, पण हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात पाठीमागे सगळे त्यांना निरोपे सरच म्हणतात. सी प्लस प्लसमध्ये २० वर्षं मुरलेला माणूस. कुणाकडे जेवायला गेले की पानावरून उठताना 'येतो हं' म्हणतात, चपला घालताना पुन्हा म्हणतात आणि लिफ्टचं दार मिटता मिटता फटीतून तिसऱ्यांदा. न सांगता निघणं म्हणजे त्यांच्या लेखी घराण्याला बट्टा.

हाच संस्कार त्यांनी कोडवर केला. त्यांच्या प्रत्येक क्लासच्या डिस्ट्रक्टरमध्ये ग्लोबल लॉगरला निरोप देणारी एक ओळ असतेच. प्रोग्राम चालू असेपर्यंत ठीक. लॉगर जागेवर असतो, निमूट लिहून घेतो. गोची होते ती मेन संपल्यावर, ग्लोबल मंडळी आवराआवर करतात तेव्हा. सगळे एकाच फाइलीतले असले तर हिशेब सरळ असतो: शेवटी आला तो आधी जातो. पण लॉगर एका फाइलीत आणि सरांचा सेशन मॅनेजर दुसऱ्या फाइलीत असला, की आधी कोण जाणार याची हमी भाषा देत नाही. मग लॉगर कधी कधी आधीच आटोपतो आणि मॅनेजर बिचारा रिकाम्या खोलीची कडी वाजवत बसतो.

आमच्या रात्रीच्या बॅचचं हेच झालं. काम पार पडलं, शेवटची नोंदही डेटाबेसात गेली, आणि उंबरठ्यावर प्रोग्राम कोसळला. एक्झिट कोड १३९. म्हणजे १२८ अधिक ११ नंबरचा सिग्नल, सेगमेंटेशन फॉल्ट. शेड्युलरने पहाटे तीनला सपोर्टच्या पोराला उठवलं, पोराने झोपेतच बॅच पुन्हा चालवली आणि बिलं दोनदा गेली.

सरांनी कोअर डंप उघडला. स्टॅकमध्ये मेनचा पत्ता नाही. एक्झिट, आणि त्याच्यावर सरांचाच डिस्ट्रक्टर. "माझ्या मशीनवर तर चालतं," सर म्हणाले. चालणारच. तिथे लिंकरला फाइली वेगळ्या क्रमाने मिळाल्या होत्या.

मी म्हटलं, "सर, लॉगर न्यूने बनवा आणि डिलीट करूच नका. प्रोसेस संपली की मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम घेतेच परत."

"लीक? माझ्या कोडमध्ये?" कुणी उष्टं ताट तसंच टाकून उठावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कपाटातून अलेक्झांड्रेस्कूचं २००१ सालचं पुस्तक काढलं. त्यात फिनिक्स सिंगलटन आहे: मेलेल्याला कुणी हाक मारली की तो उठून बसतो. सर हरखले. 'येतो' म्हणून गेलेला खरोखरच परत येतो, आणखी काय हवं?

बॅच आता शून्य कोडने संपते. पहिल्याच सकाळी मी कौतुकाने लॉग उघडला. उठून बसलेल्या लॉगरने फाइल नव्याने उघडली होती, त्यामुळे रात्रभराच्या नोंदी साफ. आत एकच ओळ होती: 'सेशन मॅनेजर: येतो हं.'