कळविण्यात आले, कळले नाही: ग्रामपंचायतीच्या सूचना फलकास अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान सूचना फलक,
मुक्काम ग्रामपंचायत कार्यालयाचा व्हरांडा, तालुका निपाणी, जिल्हा बेळगाव.
(गावाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. तालुक्यातल्या निम्म्या गावांना पत्ता आपलाच वाटेल.)

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, आपल्याशी बोलायला दुसरा मार्ग उरलेला नाही. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांना विचारावे तर ते म्हणतात, "फलकावर लावलंय की." बिल कलेक्टर म्हणतो, "फलक बघितला न्हाई व्हय?" सदस्य म्हणतात, "आठ दिस झालं फलकावर हुतं की ओ." गावात ज्याला जे कळले नाही, त्याचे खापर शेवटी आपल्याच डोक्यावर फुटते. म्हणून मुख्य आरोपी म्हणून आपलेच नाव घेतो. माणसांवर आरोप करणे आमच्या गावात तसेही जड जाते. सगळेच एकमेकांचे पाहुणे लागतात.

आधी आपल्या रूपाचे कौतुक करू द्या. हिरव्या रंगाची प्लायवूडची पाठ, वर सरकती काच, काचेला कुलूप. कुलपाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई तालुक्याला. आत डाव्या कोपऱ्यात मागच्या वर्षीची घरपट्टीची सूचना, तिच्यावर अर्धवट चिकटवलेली पाणीपट्टीची सूचना, तिच्यावर पोलिओच्या डोसाचे चित्र. उन्हाने शाई उडालेली, त्यामुळे तारखेचा आकडा तीन की आठ हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवायचे. काचेच्या आत एक पाल कायम वास्तव्यास. सरकारी कागदाच्या इतके जवळ जाण्याचा मान गावात फक्त तिला आहे. आपली उंची अशी की सहा फुटी गड्यानेही मान वर करावी, आणि खाली सदस्यांच्या दोन मोटारसायकली लावलेल्या.

मागे एकदा आमच्या गल्लीतल्या एका आज्जींचे 'संध्या सुरक्षा' पेन्शनचे पैसे यायचे थांबले. पंचायतीत विचारले तर उत्तर मिळाले की कागदपत्रे तपासायला शिबिर होणार आहे, तारीख फलकावर येईल. आज्जी रोज दूध घालायला डेअरीवर जाताना आपल्यासमोर उभ्या राहायच्या. आपणही त्यांच्यासमोर उभे असायचात. एके दिवशी नवा कन्नड कागद दिसला तेव्हा शाळेला निघालेल्या पोराला थांबवून त्यांनी विचारले, "काय लिवलंय रं बाळा?" पोराने अक्षर अक्षर लावून वाचले, गावाचे नाव ओळखले, 'आधार' ओळखले, आणि म्हणाले, "आज्जी, आधार कार्डाचं कायतरी हाय." आज्जी आधार कार्ड घेऊन पंचायतीत गेल्या, तेव्हा शिबिर आदल्या दिवशीच उरकले होते. कर्मचारी शांतपणे म्हणाला, "फलकावर लावलं हुतं."

खरेच लावले होते. आपण कर्तव्यात कसूर केली असे कोण म्हणेल?

आता आपण लगेच म्हणाल की ही कन्नडवर खार आहे. छे हो! कन्नडशी आमचे कसले वैर? बाजारात ती बोलतो, सोयरिकीत ती बोलतो, बसची पाटी वाचतो, भावही करतो. आपल्यावरचे कन्नड मात्र बाजारातले नाही, कचेरीतले आहे. आमच्या शेजारच्या कन्नड मामांना एकदा मुद्दाम आपल्यासमोर आणून उभे केले. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि म्हणाले, "सरकारी भाषा हाय ही. मलाबी नीट उमजत न्हाई." म्हणजे आपला कारभार निःपक्षपाती आहे. मराठी माणसाला पूर्ण कळत नाही आणि कन्नड माणसाला अर्धे कळत नाही. फलकावर कन्नड असावेच. आमचे म्हणणे एवढेच की शेजारी मराठीही असावे, आणि दोन्ही माणसांना समजेल असे असावे.

गंमत पाहा. या जिल्ह्यात कर्नाटक सरकारच्याच मराठी शाळा आहेत. सरकार मास्तर नेमते, पगार देते, पोरांना मराठी लिहायला-वाचायला शिकवते. तीच पोरे मोठी होऊन घरपट्टी भरू लागली की तेच सरकार त्यांना मराठीत दोन ओळी लिहून कळवत नाही. अक्षरओळख शिक्षण खात्याची आणि सूचना पंचायतीची. दोघांची गाठ पडायला मधे आपण उभे आहात, पण आपल्याला कुलूप आहे.

फलक साहेब, आपल्या घराण्याची थोरवी बहुधा आपल्याला कुणी सांगितलेली नाही. २००५ चा माहिती अधिकार कायदा काढा. त्याच्या चौथ्या कलमात म्हटले आहे की सरकारी कार्यालयांनी माहिती आपणहून लोकांपर्यंत पोचवावी, आणि ती पोचवताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारा मार्ग यांचा विचार करावा. माहिती पोचवायची कशातून, याची यादीही तिथेच दिली आहे. त्या यादीत पहिले नाव कुणाचे? आपले! वर्तमानपत्र, जाहीर घोषणा, इंटरनेट ही मंडळी आपल्या मागे रांगेत उभी आहेत. संसदेने एवढा मान दिला आणि आपण पाल सांभाळत बसलात.

त्याच्याही आधीचे सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षी केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणांचे निवेदन काढले. ज्या जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिकेत एखाद्या भाषेचे लोक १५ ते २० टक्के आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्याही भाषेत काढावेत, असे त्यात सुचवले होते. बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषिक १५ टक्क्यांच्या वर आहेत हे सरकारचीच जनगणना सांगते. निपाणी शहराचे आणि खानापूर तालुक्याचे तर बोलायलाच नको. घटनेचे कलम ३५० सांगते की तक्रारीचे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. कलम ३५० ब ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमला आणि त्याचे विभागीय कार्यालय वर्षानुवर्षे खुद्द बेळगावात होते. एवढे सगळे होऊनही मराठीतला कागद आपल्या काचेपर्यंत काही चालत आला नाही. रस्त्यात टोलनाका लागला असावा.

आपली बाजू घेणारे म्हणतील की विषय नाजूक आहे, सीमाप्रश्न न्यायालयात आहे. आहे की! महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यावे आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवावे असे सुचवले, महाराष्ट्राने ते मानले नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ मध्ये बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. तो दावा जेव्हा लागायचा तेव्हा लागेल, ज्याच्या बाजूने लागायचा त्याच्या बाजूने लागेल. पण उद्या नळाला पाणी येणार नाही, हे कळायला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कशाला लागतो? त्याला ए-फोर आकाराचा आणखी एक कागद लागतो. गोंद तर आपल्याकडे आहेच, थरावर थर चढवलाच आहे.

आपले काम सध्या कोण करते ते ऐका. पूर्वी हलगी वाजवत दवंडी फिरायची. ती गल्लीत थांबायची, म्हातारी माणसे उंबऱ्यावर येऊन ऐकायची, नाही कळले तर उलट विचारायची आणि दवंडीवाला पुन्हा सांगायचा. आता तो भार मराठी वर्तमानपत्रांवर आहे. बाबूराव ठाकुरांनी १९१९ मध्ये बेळगावात सुरू केलेल्या 'तरुण भारत'पासून पुढे आलेल्या दैनिकांपर्यंत सगळ्यांची आतली पाने उघडून बघा. हेस्कॉमची वीज कोणत्या भागात किती वाजता जाणार, पाणी कधी बंद, रेशन दुकानात कोणता कागद न्यायचा, कोणाची निवड झाली, कोणाचे निधन झाले, कोणाची म्हैस हरवली. शहरातला शहाणा माणूस या दोन-दोन इंची बातम्यांना हसतो. आमचा संसार त्यांच्यावर चालतो. गावचा वार्ताहर पंचायतीत जातो, कन्नड कागद कुणाकडून तरी समजून घेतो आणि सकाळी सहाला मराठीत घरपोच करतो. पगार आपल्या कार्यालयाला, काम त्याचे. आणि वार्ताहराच्याही नजरेतून जे सुटते, ते एजंटाच्या खिशात जाते. फॉर्म कन्नडमध्ये, भरणारा एजंट, चहापाण्याचे वेगळे. न कळलेली प्रत्येक सूचना म्हणजे त्याचे एक गिऱ्हाईक. तो आपल्याला रोज हात जोडत असेल, तर त्यात नवल नाही.

आपल्या वक्तशीरपणाबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. कर्नाटकच्या पंचायत राज कायद्याने सहा महिन्यांतून किमान एकदा ग्रामसभा भरवावीच लागते. आमच्या गावात ती भरते, कागदावर उत्तम भरते. सूचना आपल्या अंगावर चढते तेव्हा बहुतेक वेळा सभेचा चहा उकळत असतो. उशिराने आलेला कागद, तोही न वाचता येणारा; मग ठराव एकमताने मंजूर होतात यात आश्चर्य कसले? विरोध करणारा घरी ऊस तोडत असतो. गटारीच्या कामाचे टेंडर मात्र ज्या कंत्राटदाराला दिसायचे त्याला बरोबर दिसते. त्याची दृष्टी काचेच्या, कुलपाच्या आणि भाषेच्याही आरपार जाते.

आणखी एक. याच राज्याने २०११ मध्ये 'सकाल' कायदा केला. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही, तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये अर्जदाराला मिळावेत आणि ते कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडून वसूल व्हावेत अशी त्यात तरतूद आहे. कायदा चांगला आहे, मनापासून सांगतो. पण आपल्या अर्जाचा क्रमांक मागून घ्यावा, मुदत विचारावी, हे आमच्या गावात किती जणांना माहीत आहे? त्याची माहिती आपल्याच काचेआड, कचेरीच्याच भाषेत, पोलिओच्या चित्राखाली. हक्क दिल्याचे पुण्य सरकारला आणि तो झाकून ठेवल्याचे आपल्याला.

आता थोडे आमच्या घरचे. निपाणीच्या वेशीवरच अर्जुननगरला देवचंद कॉलेज आहे. ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. आमची पोरे शिकायला चालत परराज्यात जातात. तिथून पुढे महाराष्ट्रातल्या पंचायतींत आपले सख्खे भाऊ लटकलेले आहेत. त्यांची भाषा मराठी, पण कुलूप तसेच, तारीख तशीच पुसलेली. आणि जत, अक्कलकोटकडचा कन्नड माणूस मराठी फलकासमोर आमच्या आज्जींसारखाच उभा असतो. त्याच्यासाठीही कन्नडमध्ये कागद लागला पाहिजे. हे म्हणायला ज्याची जीभ अडखळते, त्याने निपाणीत मराठीसाठी गळा काढू नये.

आमच्या लोकांनाही थोडे श्रेय द्यायला हवे. हा मुलूख म्हैसूरला गेल्याच्या निषेधात १ नोव्हेंबरला काळ्या फिती बांधून फेरीत चालायला आमची तरणी पोरे हिरिरीने येतात. ग्रामसभेला त्यातली निम्मी जरी आली, तरी कोरमची चिंता मिटेल. वर्षातून एक दिवस घोषणा आणि तीनशे चौसष्ट दिवस एजंट, असा हिशेब आम्हीच लावून घेतला आहे. आपण निर्धास्त आहात ते उगाच नाही.

तर फलक साहेब, आता आपली सुट्टी संपवायची वेळ आली आहे. मागण्या फार नाहीत: काचेचे कुलूप काढा, जुने कागद खरवडा, प्रत्येक सूचनेशेजारी मराठी प्रत लावा, ग्रामसभेची तारीख आठ दिवस आधी टाका, आणि खालच्या मोटारसायकली हलवा. यासाठी विधानसभेचा ठराव लागत नाही, दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक लागत नाही. पंचायतीचा एक ठराव आणि झेरॉक्सचे चार पैसे पुरतात.

आणि वाचकहो, हे पत्र फलक वाचणार नाही, तुम्ही वाचणार आहात. येत्या ग्रामसभेला जा. मराठीत लेखी अर्ज द्या, त्यात कलम ३५० आणि माहिती अधिकाराचे चौथे कलम लिहा, पोच घ्या, आणि अर्जाची एक प्रत आपल्या वार्ताहराला द्या. शेजारच्या कन्नड घरातल्या माणसाचीही सही घ्या, कारण सूचना सोप्या भाषेत हवी ही त्याचीही गरज आहे. अर्ज एकट्याचा असला तर तो फायलीत जातो. गावाचा असला तर त्याला उत्तर द्यावे लागते.

कळावे, लोभ असावा.

आपलाच,
घरपट्टी वेळेवर भरणारा एक गावकरी