माझ्या गिझरच्या आयुष्याची काळजी वाहणाऱ्यांस

डमडम, कोलकाता
पौष महिना, कडाक्याची थंडी (१४ अंश)

प्रति,
मा. प्रमुख, विस्तारित वॉरंटी विभाग
(कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांचं त्यांना कळेल.)

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या मंगळवारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात तुमच्याकडून अकरावा फोन आला. माझ्या गिझरला दोन वर्षं पूर्ण होत असल्याबद्दल तुम्ही काळजी व्यक्त केलीत. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली तेव्हा सख्ख्या भावाचाही फोन आला नव्हता, त्यामुळे पहिल्या फोनला मला भरून आलं होतं. अकराव्याला मात्र या डमडमच्या ख्यातीची आठवण झाली. इथल्या शस्त्र कारखान्यात तयार झालेली, अंगात शिरल्यावर पसरणारी बंदुकीची गोळी ‘डमडम’ याच नावाने जगभर बदनाम झाली आणि १८९९ साली हेगच्या परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी आली. दुपारी अडीचच्या फोनचा विषय त्या परिषदेत कसा निघाला नाही, कोण जाणे.

फोनवरचा तुमचा मुलगा गोड बोलतो. एकच वाक्य तो इतक्या वेळा आणि इतक्या सारख्या सुरात म्हणतो की जेसोर रोडवरचा ग्रामोफोन कंपनीचा कारखाना आठवावा. महाराष्ट्रात घरोघरी वाजलेल्या किती तबकड्या याच डमडममध्ये दाबून निघाल्या! ते वाक्य असं: “सर, ऐन थंडीत गिझर बंद पडला तर?”

प्रश्न गंभीर आहे, विशेषतः या शहरात. पारा पंधराच्या खाली उतरला की इथला माणूस माकडटोपीत शिरतो. आमच्या शेजारच्या काकीमा मला नुसत्या शर्टात जिन्यात पाहिलं तरी “ठांडा लेगे जाबे!” म्हणून परत घरात पाठवतात. मी साताऱ्याचा; थंडी म्हणजे काय ते यांना एकदा महाबळेश्वरला नेऊन दाखवावं असं पहिली दहा वर्षं वाटायचं. आता मीही मफलर घालतो.

म्हणून तुमची योजना मी नीट वाचली. आधी शब्दाबद्दल. फोनवर मुलगा ‘इन्शुरन्स’ म्हणतो, कागदावर मात्र ‘सेवा योजना’ असं छापलंय. हे बरं केलंत. विम्याचा धंदा करायचा तर १९३८ च्या विमा कायद्याखाली नोंदणी लागते, वर नियामक प्राधिकरण बसतं, तक्रारीला विमा लोकपाल असतो. तुमच्याकडे यातलं काही नाही, फक्त काळजी आहे. सरकारचंही तुमच्याबद्दलचं मत स्पष्ट दिसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झाला. तुमच्या काळजीवर १८ टक्के कायम आहे. २,४९९ अधिक कर, म्हणजे २,९४९ रुपये. मिळणार काय, तर गिझरच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षाची हमी.

मग मी कपाटातून मूळ वॉरंटी कार्ड काढलं. (ही सवय तुमच्या गिऱ्हाइकांत फारशी नसावी, नाहीतर तुमचा विभाग चालला नसता.) त्यावर टाकीची हमी ७ वर्षं, एलिमेंटची ४ वर्षं आणि बाकी सगळ्याची २ वर्षं. म्हणजे तुमच्या तिन्ही वर्षांत टाकी आधीच सुरक्षित, आणि एलिमेंट तीनपैकी दोन वर्षं. उरला तो पाचव्या वर्षातला एलिमेंट, थर्मोस्टॅट, एखादा लाल दिवा आणि मिस्त्रीची मजुरी. मोतीझीलच्या दुकानात मी विचारून आलो: एलिमेंट नऊशे, थर्मोस्टॅट चारशे, मजुरी तीनशे. एकाच हिवाळ्यात दोन्ही जळाले तरी सोळाशे. आणि या सोळाशेच्या धास्तीपोटी मी २,९४९ आत्ताच, एकरकमी द्यायचे.

आणखी एक हिशेब केला. निवृत्त माणसाला दुपारचा फोन आला नाही तर हिशेबच करावा लागतो. डमडमला गिझर लागतो डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत, धरा पंचाहत्तर दिवस. पंधरा लिटरची टाकी दोनदा तापवायची म्हणजे रोज अर्धा तास. तीन हिवाळ्यांचे मिळून एकशे बारा तास. दोन किलोवॅटचा एलिमेंट तासाला सोळा रुपयांची वीज खातो. तुमची काळजी पडते तासाला सव्वीस रुपये. पाणी तापवण्यापेक्षा ते तापणार नाही या भीतीचा खर्च जास्त.

मी विम्याच्या विरोधात आहे असा गैरसमज नसावा. आमच्या आजोबांनी सातारच्या वेस्टर्न इंडिया कंपनीची पॉलिसी घेतली होती. अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली काढलेली ही कंपनी. १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात ती आयुर्विमा महामंडळात गेली. आजोबा पोस्टात कारकून. त्यांच्यामागे सात जणांचं घर होतं आणि शिल्लक म्हणावी असं काही नव्हतं. ते गेले असते तर घर बसलं असतं. गिझर गेला तर कोणी बसत नाही. उलट सगळे उठून पातेलं शोधतात.

हा फरक तुम्हाला ठाऊक नसेल असं नाही, पण तो फार जुना आहे म्हणून सांगतो. १७३८ साली डॅनिअल बर्नुली नावाच्या गणितज्ञाने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीसाठी एक निबंध छापला. त्यात कायस नावाचा व्यापारी आहे. त्याचा दहा हजार रूबलांचा माल ॲमस्टरडॅमहून जहाजाने यायचाय. त्या मोसमात शंभरातली पाच जहाजं बुडतात. म्हणजे धोक्याची सरळ किंमत पाचशे रूबल. विमावाला मागतो आठशे. कायस वैतागतो. विमा घ्यावा का? बर्नुली त्याला उलट विचारतो: बाबा रे, या मालाशिवाय तुझ्या गाठीला काय आहे? मग आकडेमोड करून सांगतो की ५,०४३ रूबलांपेक्षा कमी असेल तर महाग पडला तरी विमा घे. जास्त असेल तर पैसे वाचव आणि समुद्राकडे बघत बस. जहाज तेच, वादळ तेच, विमावालाही तोच, तरी एकाला घेणं शहाणपणाचं आणि दुसऱ्याला वेडेपणाचं. तुमचा मुलगा मला गिझरबद्दल वीस प्रश्न विचारतो, बर्नुलीचा हा एक विचारत नाही. विचारला असता तर सांगितलं असतं की बँकेत एका नव्या गिझरपुरते, म्हणजे आठ हजार दोनशे रुपये, निघतील. कायसपुढे मी सावकार आहे.

माझा भाचा इंग्लंडात रेडिंगला असतो. तिथे बॉयलर गेला की अंघोळच नव्हे, अख्खं घर गारठतं. नवा बसवायचा तर दोन-तीन हजार पौंड लागतात आणि जानेवारीत माणूस मिळता मिळत नाही. घरात तान्हं मूल आहे. तो बॉयलरच्या अशाच योजनेचे दरमहा पैसे भरतो, आणि मी त्याला एका शब्दाने बोललो नाही. तुमची योजना तिथलीच उचललेली दिसते. फक्त थंडी आणायची राहिली.

आता तुमच्या बारीक टायपाकडे येतो. चष्मा बदलून वाचलं. पाण्यातल्या क्षारांमुळे झालेला बिघाड वगळून, व्होल्टेजच्या चढउतारामुळे झालेला वगळून, झिजणारे भाग वगळून. आमच्या इमारतीला बोअरचं पाणी येतं. नवी पांढरी बादली महिन्याभरात आतून तांबूस होते. गेल्या हिवाळ्यात तुमच्याच मिस्त्रीने गिझर उघडला तेव्हा एलिमेंटवर पुट्ठ्यासारखा थर जमला होता. त्याने तो खरवडला आणि आतून बोटाएवढा, किडलेल्या दातासारखा एक दांडा काढून मला दाखवला. हा मॅग्नेशियमचा दांडा. पाणी टाकीचं पोलाद खायला जातं, तेव्हा हा आधी स्वतःला खाऊ देतो. तो संपला की मग टाकीची पाळी. आमच्या घरात निमूटपणे झिजणारा इतका सज्जन दुसरा कोणी नाही. साडेचारशे रुपयांत नवा बसला. गिझरचा खरा विमा हाच, आणि तुमच्या योजनेत तो ‘झिजणारा भाग’ म्हणून बाद आहे!

आमच्या साताऱ्याच्या घरी परसात तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत करवंट्या, चिपाडं, मुलांच्या नापास वर्षांच्या वह्या, जे हाताला लागेल ते जळायचं. नियम एकच: जेवढं ऊन पाणी काढाल तेवढं गार पाणी वर ओता. कोणी आळस केला की बंब आतून कोरडा पडायचा, नळीचा सांधा सुटायचा, आणि तो डोक्यावर घेऊन तांबटाकडे डाग द्यायला जावं लागायचं. हे होऊ नये याची तजवीज आजीच्या आवाजात होती. न्हाणीघरातून तांब्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पाणी ओतल्याचा आला नाही, तर ती देवघरातून ओरडायची. वर्षाची वर्गणी शून्य, क्षार-व्होल्टेज काही वगळलेलं नाही.

तेव्हा तुमची योजना मी घेत नाही. २,९४९ रुपये पोस्टात टाकतो आणि दर दुसऱ्या हिवाळ्यात त्यातून एक दांडा बदलतो.

कळावे, लोभ आहेच, तो अकरा फोनांइतका नसावा ही विनंती.

आपला,
एक गिझरधारक

ता. क. बारावा फोन काल आला. मी बाजारात होतो, आईने घेतला. ती शहाऐंशी वर्षांची आहे, हिंदी तिला साताऱ्याहून आणलेलंच येतं, आणि फोन ठेवायची तिला घाई नसते. वीस मिनिटं बोलली. मुलगा बांकुड्याचा आहे, केष्टोपूरच्या मेसमध्ये सहा जण एका खोलीत राहतात, सकाळी साडेसहाला पाळी सुरू होते, आणि मेसमध्ये गिझर नाही; गार पाण्याने अंघोळ करून तो कामाला बसतो. आईने त्याला रविवारी अंघोळीला आणि जेवायला बोलावलंय. तो येतो म्हणालाय. दोन टाक्या जास्त तापवाव्या लागतील, आठ रुपये वीज. माझी हरकत नाही. फक्त एवढं कळवा: योजना घेतली असती आणि नेमका त्याच दिवशी गिझर बंद पडला असता, तर तुम्ही तो ‘व्यावसायिक वापर’ धरला असता का?