पेरूला का जावे : काही सबळ कारणे

पेरूला जायचे ठरले तेव्हा नातेवाइकांनी फळावरचे सगळे विनोद आधी संपवून घेतले आणि मग विचारले, "पण तिथेच का?" माझ्याकडे यादी तयार होती. इंकांचा वारसा, एकाच देशात वाळवंट, अँडीजची हिमशिखरे आणि अ‍ॅमेझॉनचे जंगल, शिवाय बटाट्याचे माहेर. यादी भारदस्त होती. तिथे गेल्यावर तिच्यातले प्रत्येक कारण खरे निघाले. भारदस्तपणा तेवढा टिकला नाही.

पहिले कारण पर्वतांचे. कळसूबाई चढून आलेला माणूस मी, आणि ही माहिती मी कुणालाही ओळख झाल्या झाल्या देतो. कळसूबाई १,६४६ मीटर. इंकांची राजधानी कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर, आणि विमान तुम्हाला लिमाच्या समुद्रकाठावरून उचलून थेट तिथे नेऊन सोडते. जाणते प्रवासी आधी खालच्या उरुबांबा खोऱ्यात मुक्काम करतात. "म्हाताऱ्यांसाठी असतं ते," मी बायकोला समजावले. हॉटेलच्या जिन्यात पहिल्या मजल्यावर मी भिंतीवरचे चित्र बघायला थांबलो. दुसऱ्या मजल्यावर चित्र नव्हते, तरी थांबलो. उंचीमुळे होणाऱ्या या विकाराला तिकडे 'सोरोचे' म्हणतात आणि त्यावर कोकाच्या पानांचा चहा देतात. तो पीत मी सान ब्लासच्या चढाच्या गल्लीत बसलो असताना आजीच्या वयाची एक बाई पाठीवर गाठोडे बांधून, शेजारणीशी गप्पा मारत वर निघून गेली. मी कळसूबाईबद्दल तिला काही बोललो नाही.

दुसरे कारण दगडांचे. हातुन रुमियोक गल्लीतल्या भिंतीत बारा कोनांचा प्रसिद्ध दगड आहे. चुना नाही, सिमेंट नाही, तरी सांध्यात काही शिरत नाही म्हणतात. आमच्या सोसायटीच्या भिंतीतून दर पावसाळ्यात आख्खा पाऊस शिरतो, त्यामुळे माझे कुतूहल शास्त्रीय होते. मी खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून सांध्याजवळ नेले. रखवालदाराने शिट्टी फुंकली. मला स्पॅनिशमधला 'ग्रासियास' हा एकच शब्द येत असल्यामुळे मी त्याचे आभार मानले. त्याने पुन्हा फुंकली. जपानी पर्यटकांचा एक गट दगड सोडून माझे फोटो काढू लागला. नंतर कोरिकांचा हे सूर्यमंदिर पाहिले. स्पॅनिशांनी त्यावर चर्च आणि मठ उभारला. १९५०च्या भूकंपात त्यांचे बांधकाम ढासळले आणि खालच्या इंका भिंती उभ्याच राहिल्या. ज्या भिंती भूकंपाला बधल्या नाहीत, त्यांना माझ्या कार्डापासून वाचवायला रखवालदार कशाला हवा, हे मला अजून कळलेले नाही.

तिसरे कारण जेवणाचे. आषाढी एकादशी कुस्कोत आली आणि मी उपास जाहीर केला. परदेशात उपासाचे हाल होतात, असा चेहराही केला. बायको मला सान पेद्रो बाजारात घेऊन गेली. तिथे रंगारंगाच्या बटाट्यांचे ढीग, शेंगदाणे आणि मधात बांधलेल्या किविचाच्या वड्या होत्या. किविचा म्हणजे राजगिराच. बटाटा मूळचा इथल्याच डोंगरांतला, शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा, आणि आपला साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही. विठ्ठलाच्या नावाने आपण पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण अमेरिकेचे पदार्थ खात आलो आहोत, हा शोध मी भर बाजारात मोठ्याने सांगितला. ऐकायला बायको सोडून कोणी नव्हते आणि ती वड्या निवडत होती. एवढ्यात एका दुकानात छोट्या, लालचुटूक ढोबळ्या मिरच्या दिसल्या. विकणारी हातवारे करत काहीतरी सांगत होती. "आम्ही कोल्हापूरचे," असे तिला मराठीत सुनावून मी एक कचकन चावली. तिचे नाव रोकोतो, आणि ढोबळीशी तिचे नाते फक्त आकारापुरते आहे. पुढचा बराच वेळ मी आषाढीचा निर्जळी उपास मोडत होतो. विकणारीने पैसे घेतले नाहीत. करमणूक तिचीही झाली होती.

चौथे कारण अर्थात माचू पिचू. १९११ साली हायरम बिंगहॅमने ते 'शोधले' असे म्हणतात, पण त्याला वाट दाखवली ती तिथल्याच एका शेतकऱ्याने, आणि वर काही कुटुंबे शेती करत राहत होती. आम्ही गेलो तेव्हा धुके हळूहळू उठले आणि पायऱ्यापायऱ्यांची शेते उघडी झाली. विशेष म्हणजे मी ताजातवाना होतो. दम नाही, डोके दुखत नाही. "शरीराने जुळवून घेतलं," मी छाती काढून म्हणालो. "माचू पिचू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे," बायको म्हणाली. तिने माहितीपत्रक वाचले होते.

शेवटचे कारण विनिकुंका, रंगीत पट्ट्यांचा डोंगर, ५,००० मीटरहून उंच. तिथे बायको गेली. मी कुस्कोत सामान सांभाळले. आता घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्या डोंगराच्या फोटोपुढे थबकतो आणि माझ्याकडे आदराने बघतो. मी खोटे बोलत नाही. कॅमेरा माझाच आहे, एवढेच सांगतो.